एक सूत खाली

मागच्या महिन्यात आमच्या हॉस्पिटलात एका कंपनीचा माणूस रोबो घेऊन आला. म्हणजे रोबो नव्हता आणला, लॅपटॉपवर त्याचं चित्र आणलं होतं. गुडघा बदलण्याच्या ऑपरेशनमध्ये हा रोबो हाड किती अचूक कापतो, ते तो तासभर समजावत होता. "सिस्टर, तुमचं काम निम्मं होईल," असं मला दोनदा म्हणाला. मी बावीस वर्षं जळगावात ऑपरेशन थिएटरची सिस्टर आहे. माझं काम निम्मं करायला जेवढी यंत्रं आली तेवढ्यांनी ते दुप्पट करून ठेवलं, त्यामुळे मी नुसती मान हलवली. शेवटी त्याने काही शंका आहे का विचारलं, तेव्हा मी म्हटलं, "आपल्याकडच्या म्हाताऱ्या बायकांचे गुडघे फार लहान असतात. त्यांना हे बसतं का?"

"बहुतेक बसेल मॅडम," तो म्हणाला.

आमच्या हाडांच्या डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मी डॉक्टरांकडे पाहिलं, आणि आम्हा दोघांनाही एकदमच हसू आलं. त्या बिचाऱ्याला काही कळेना. यशवंत नाना मिस्तरींसमोर कुणी 'बहुतेक' म्हटलं की ते हातातलं काम खाली ठेवायचे, पुसण्याच्या फडक्याला हात पुसायचे आणि म्हणायचे, "आधी नक्की करा. तवर मी चहा पिऊन येतो." आणि खरोखर चहाला निघून जायचे. समोरचा माणूस मोठा आहे का लहान, घाईत आहे का निवांत, याच्याशी त्यांना काही घेणं नसे. नाना जाऊन आता दीड वर्ष झालं, पण आमच्या थिएटरमध्ये अजून कुणी 'बहुतेक' म्हणायला धजत नाही.

नानांचं गाव दोंडाईच्याजवळ, पण हयात गेली जळगावच्या एमआयडीसीत. प्लास्टिकच्या पाइपांचे जोड ज्यात ओततात ते लोखंडी साचे बनवण्याचं त्यांचं काम. नोकरी संपल्यावर त्यांनी एका शेडमध्ये स्वतःची लेथ, एक मिलिंग मशीन आणि एक खुर्ची मांडली. खुर्ची एकच होती, आणि तिच्यावर ते कधी बसत नसत. आलेल्या माणसाला बसवत आणि स्वतः उभे राहून त्याचं ऐकत. अंगाने वाळकुडे, डोक्यावर टोपी, आणि शर्टाच्या खिशात जिथे लोक पेन ठेवतात तिथे त्यांचा व्हर्नियर, म्हणजे मिलिमीटरचाही बारीक हिस्सा मोजायची स्टीलची पट्टी. हातात येईल ते मोजायची त्यांना खोड होती. आमच्याकडे चहा प्यायला दिला तर कपाचा कान मोजायचे आणि तो दोन्हीकडे सारखा जाड नाही म्हणून हळहळायचे.

आमच्याकडे ते पहिल्यांदा आले ते ऑपरेशनचं टेबल दुरुस्त करायला. टेबलाचा पायाकडचा भाग वर जायचा तो खाली येत नव्हता. थिएटरच्या दारात त्यांनी चपला काढल्या, टोपी काढून खिशात घातली, आणि मी दिलेली हिरवी टोपी डोक्यावर चढवून मलाच विचारलं, "बरोबर शे ना?" टेबल त्यांनी अर्ध्या तासात ठीक केलं. मग निघताना त्यांची नजर बाजूच्या ट्रेवर गेली. गुडघ्याच्या ऑपरेशनचं सामान त्यात धुऊन, मांडून ठेवलं होतं, अजून निर्जंतुक व्हायला जायचं होतं. "हात लावू का?" त्यांनी विचारलं. मी लावा म्हटलं, आणि तिथून पुढे पाच वर्षं त्यांनी तो हात काढला नाही.

ट्रेमध्ये सगळ्यात महत्त्वाचा असतो एक धातूचा ठोकळा. गुडघा बदलताना नडगीच्या हाडाचा वरचा झिजलेला थर करवतीने कापून काढायचा असतो. हा कापच सगळं ठरवतो. तो वाकडा गेला तर पाय वाकडा, आणि जास्त खोल गेला तर गुडघा ढिला. म्हणून हाडावर आधी हा ठोकळा खिळ्यांनी बसवतात. ठोकळ्याला एक बारीक फट असते, करवतीचं पातं त्या फटीतून चालवायचं. नानांनी ठोकळा हातात घेतला, फटीवरून अंगठ्याचं नख फिरवलं, वजन जोखलं, आणि म्हणाले, "कारीगर मोठा शे. पण त्याने आपल्याकडची म्हातारी पाहिलेली नाही."

त्यांचं बरोबर होतं. आमच्याकडे येणाऱ्या बायका कापूस वेचून, केळीचे घड उचलून म्हाताऱ्या झालेल्या. हाडं बारीक आणि ठिसूळ. बसवायचा कृत्रिम सांधा त्यांच्या मापाचा मिळायचा, पण आमच्या सेटमधला ठोकळा मात्र मोठा. तो हाडाच्या बाहेर लोंबायचा, खिळे अगदी कडेला यायचे, आणि हाड तडकेल की काय म्हणून मी श्वास धरून उभी असायची. डॉक्टर वर्षानुवर्षं याबद्दल चिडचिड करत होते. आता त्यांना नाना भेटले. दोघांचं जे जमलं ते पाहून मला कधीकधी हेवा वाटायचा.

पुढे कळलं की नानांच्या या उत्साहामागे त्यांची थोरली बहीण होती. अक्का. आई लवकर गेली, नानांना अक्कांनी वाढवलं. त्या स्वतः लग्नानंतर दोनच वर्षांत विधवा होऊन माहेरी परत आल्या होत्या. नाना त्यांना एकदा आमच्याकडे घेऊन आले, तेव्हा रिक्षापासून तपासणीच्या खोलीपर्यंत यायला त्यांना पाऊण तास लागला. चणीने जेमतेम शाळकरी मुलीएवढ्या, दोन्ही पाय धनुकलीसारखे बाहेर वाकलेले, उजवा फारच. डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला आणि स्पष्ट सांगितलं, की आमच्या सामानाने हे ऑपरेशन करणं धोक्याचं आहे, मुंबईला न्या.

"मुंबईले मी नही जाऊ," अक्का म्हणाल्या. "जे व्हई ते आठेच व्हई."

डॉक्टरांनी विचारलं, "अक्का, पाय बरा झाला तर काय करायचंय तुम्हाला?" हे ते प्रत्येकाला विचारतात. लोक म्हणतात शेतात जायचंय, नातीचं लग्न आहे, जिना चढायचाय.

"माले कानबाईसंगे नदीपावत चालनं शे," अक्का म्हणाल्या. "मंग पाय राहो का जावो."

खानदेशाबाहेरच्यांना सांगायला हवं. श्रावणात आमच्याकडे घरोघर कानबाई देवी बसते. रविवारी बसवायची, रोटांचा नैवेद्य करायचा, आणि सोमवारी बायकांनी डोक्यावर घेऊन वाजतगाजत नदीवर पोचवायची. पाय चालत होते तोवर अक्कांनी एकही वर्ष हे चुकवलं नव्हतं. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून त्या घरातून बाहेर पडल्या नव्हत्या. खिशातला व्हर्नियर काढून नानांनी अक्कांच्या पातळावरूनच गुडघ्याचं माप घेतलं, आणि अक्कांनी त्यांच्या हातावर चापट मारली.

त्यानंतर नानांना गुडघ्यांनी झपाटलं. एक ठोकळा एकट्या अक्कांसाठी बनवून उपयोग नाही, तो सगळ्यांना चालला पाहिजे, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मग नाना साक्रीच्या आठवडी बाजाराला जाऊन बसू लागले. भाजी विकणाऱ्या म्हाताऱ्या कशा बसतात, कशा उठतात, कुठला गुडघा आधी टेकतात, हे पाहायला. तासभर ते असे टक लावून पाहत बसल्यावर एकीने त्यांना झापलंच. "ए भाऊ, म्हतारा व्हई गया, कोठे देखी ऱ्हायना तू?"

"मावशी, गुडघा देखी ऱ्हायनू," नाना प्रामाणिकपणे म्हणाले.

त्यावर जे काय झालं असेल ते मला नानांनी कधी पूर्ण सांगितलं नाही. पण मार बसायच्या आत त्यांनी बहिणीची गोष्ट सांगितली असावी, कारण संध्याकाळी ते परत आले तेव्हा त्यांच्या वहीत अकरा बायकांच्या गुडघ्यांची मापं होती, शिवाय पिशवीत फुकट मिळालेली दोन किलो भेंडी. माप प्रत्येकीचं, नावासकट, गावासकट. मिलिमीटरमध्ये.

ही वही आणि तो मिलिमीटर म्हणजे नानांचा धर्म होता. तोंडी माप ते घेत नसत. "माप सांगू नका, लिहा," हे त्यांचं रोजचं. डॉक्टरांनाही सोडत नसत. डॉक्टर हवेत हात करून दाखवायला लागले की नाना त्यांच्यासमोर वही धरायचे.

दुसरी गंमत हाडांची. ठोकळा बसवून बघायला हाड हवं. प्लास्टिकची हाडं मिळतात, पण नानांचं म्हणणं, प्लास्टिकला खिळा गोड लागतो, खऱ्या हाडाला कसा लागतो ते कळत नाही. घर तर असं शाकाहारी, की नानांची बायको, आमच्या वहिनी, अंड्याचं नाव काढलं तरी पदर नाकाला लावणाऱ्या. नाना गुपचूप खाटकाकडे जाऊन बोकडाचे गुडघे आणू लागले. त्या खाटकालाही वाटलं, बुवाचं काहीतरी बिनसलंय, कारण हे मांस नको म्हणायचे आणि प्रत्येक हाडाला व्हर्नियर लावून मगच पसंत करायचे. एक दिवस वहिनी जेवणाचा डबा घेऊन शेडवर गेल्या. तिथे व्हाइसमध्ये बोकडाचा पाय आवळलेला, आणि त्यांचे पती त्यावर ड्रिल लावून उभे. वहिनी जागच्या जागी खाली बसल्या. पुढे महिनाभर नानांना घरात शिरण्याआधी अंगणात अंघोळ करावी लागे. हे मला स्वतः वहिनींनी सांगितलं, आणि सांगताना त्या इतक्या हसल्या की त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

तर असा तो ठोकळा दोन वर्षांत तयार झाला. लहान, पातळ, कोपरे गोल केलेला, खिळ्यांची भोकं आत घेतलेली. पण शेडमध्ये बनवलेली वस्तू माणसाच्या हाडाला लावता येत नाही, आणि ते बरोबरच आहे. त्याला परवाना असलेला कारखाना लागतो, चाचण्या लागतात, कागद लागतात. डॉक्टरांनी खटपट करून बाहेरच्या एका कंपनीला तयार केलं. धुळ्याला हाडाच्या डॉक्टरांची एक दिवसाची कार्यशाळा होती, तिथे कंपनीचे इंजिनियर येणार होते. प्लास्टिकच्या हाडावर ठोकळा चालवून दाखवायचा. पटला तर ते पुढचं सगळं करणार, आणि श्रावणाच्या आत अक्कांचं ऑपरेशन होणार.

कार्यशाळा रविवारी होती. शुक्रवारी दोन ऑपरेशनांच्या मधल्या वेळेत डॉक्टरांनी ठोकळा प्लास्टिकच्या हाडावर एकदा शेवटचा लावून पाहिला. खूश झाले. फक्त फट किंचित वर वाटली. हातमोजे चढवता चढवता मला म्हणाले, "नानांना फोन करा. म्हणावं फट सूतभर खाली घ्या, बाकी झकास." आणि आत गेले.

मी फोन केला. आता माझ्या बोलण्याबद्दल सांगते. मी दीपनगरच्या कॉलनीत वाढले, वडील वीज केंद्रात, आई घरी कपडे शिवायची. आमच्या घरी 'एक सूत' म्हणजे एक धागा. आई म्हणायची, बाही एक सूत सैल कर, म्हणजे अगदी नावापुरती. सूतभर काय आणि एक सूत काय, माझ्या लेखी एकच. मी नानांना म्हटलं, "डॉक्टर म्हणाले, फट एक सूत खाली घ्या."

नानांनी लेथ बंद केली. मग म्हणाले, "एक सूत?"

"हो, एक सूत."

"लिहून देतात का?"

"नाना, ते आत आहेत, पेशंट टेबलावर आहे. मी सांगतेय ना तुम्हाला." माझा आवाज चढला होता. माझा तो स्वभावच आहे, आणि थिएटरमध्ये त्याचं कौतुक होतं म्हणून तो कधी सुधारला नाही.

"बरं," नाना म्हणाले. "तुम्ही सांगितलं म्हणजे कागदच."

मिस्तरी लोकांचं सूत वेगळं असतं, हे मला माहीत नव्हतं. सुतार असो, लोहार असो, हार्डवेअरचं दुकान असो, त्यांच्यात एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. तीन मिलिमीटर आणि वर थोडं. फट एकदा पाडली की ती सरकवता येत नाही, म्हणून नानांनी शनिवारी दिवसभर उभं राहून नवा ठोकळा पहिल्यापासून बनवला. त्यांना ते माप खटकलं असणारच. पण कागद होता ना त्यांच्याकडे. तो मी होते.

धुळ्याच्या त्या हॉलमध्ये तीसेक डॉक्टर होते, पुढच्या रांगेत कंपनीचे दोघे. नाना इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून एसटीने थेट तिथेच आले, त्यामुळे ठोकळा आधी पाहायला कुणाला सवड मिळाली नाही. मी ट्रे घेऊन डॉक्टरांच्या मागे उभी होते. डॉक्टरांनी ठोकळा बसवला. इतका सुरेख बसला की पुढच्या रांगेतला एक जण उठून जवळ आला. करवत चालली. कापलेला तुकडा निघाला आणि तो हातात घेताच डॉक्टरांचा चेहरा बदलला. सांधा बसवून पाहिला तर गुडघा लटलट हलत होता. खऱ्या बाईचं हाड असतं तर ते परत जोडता आलं नसतं.

इंजिनियरने मोजलं. तीन मिलिमीटर जास्त. "हे काय झालं?" डॉक्टर म्हणाले.

"एक सूत खाली घेतलं," नाना म्हणाले.

"मी सूतभर म्हटलं होतं, नाना."

हॉलमध्ये कुणीतरी हसलं. नानांनी माझ्याकडे पाहिलं. एकच क्षण. माझ्या हातात ट्रे होता, आणि मला सगळं समजलं होतं. मी बोलायला हवं होतं. 'माझी चूक आहे' एवढे तीन शब्द. माझी जीभ हलली नाही.

"ऐकण्यात मनी चूक झाली," नाना सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "लिहून घ्यायला पाहिजे होतं. साहेब, दोष ठोकळ्याचा नाही, मना शे."

इंजिनियर सभ्य होता. त्याने नानांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "काका, काम सुंदर आहे. पण आम्हाला मिलिमीटरमध्ये काम करणारे लोक लागतात." जेवणाच्या सुट्टीत ते दोघे निघून गेले. मिलिमीटरमध्ये. नानांना. ते वाक्य आठवलं की मला आजही कानशिलं तापल्यासारखी होतात.

परतताना डॉक्टरांच्या गाडीत आम्ही तिघं होतो. पारोळ्याला चहाला थांबलो तेव्हा नानांनी माझा कप माझ्यासमोर सरकवला. "घ्या, गार होईल," एवढंच म्हणाले.

त्या श्रावणात अक्का ओट्यावर बसून राहिल्या. हे मला नानांनीच सांगितलं, मी विचारलं म्हणून. कानबाई समोरून गेली तेव्हा अक्कांनी बसल्या जागेवरून हात जोडले, म्हणाले. तक्रारीचा सूरही नव्हता. मी त्या दिवशी घरी जाऊन जेवले नाही.

नानांनी मात्र हार मानली नाही. दर महिन्याला ते त्या कंपनीला एक पत्र टाकायचे. पत्रात मजकूर काही नसायचा, फक्त ठोकळ्याचं चित्र, आणि प्रत्येक कडेचं माप मिलिमीटरमध्ये, दशांश चिन्हापुढे दोन आकडे. त्यांच्या बोलण्यातला 'सूत' हा शब्द पार गेला. हार्डवेअरच्या दुकानात सळई मागतानाही मिलिमीटरच. दुकानदार चेष्टा करायचा, नाना ऐकून घ्यायचे. मी दोनदा त्यांच्या शेडवर गेले, खरं सांगून टाकायचं म्हणून. पहिल्यांदा त्यांनी मला खुर्चीवर बसवलं आणि मला ते जमलं नाही. दुसऱ्यांदा मी बोलायला तोंड उघडलं तर म्हणाले, "सिस्टरबाई, जरा हा खिळा धरा बरं सरळ." मी धरला, आणि खिळा धरून घरी परत आले. खरं म्हणजे मी घाबरत होते. डॉक्टर माणूस चांगला, पण निरोप चुकवणारी सिस्टर त्यांनी एक दिवसही ठेवली नसती. याआधी एकीला ठेवलं नव्हतं.

कंपनीचे लोक वर्षभराने परत आले. पत्रांनी आले का डॉक्टरांच्या भुणभुणीने आले, देव जाणे. या वेळी ठोकळा चालला. मग चाचण्या, कागद, परवाने, आणि त्यात अक्कांचा आणखी एक श्रावण ओट्यावर गेला. शेवटी त्या हिवाळ्यात कारखान्यातून बनून आलेला ठोकळा माझ्या ट्रेमध्ये आला. त्यावर कंपनीचा नंबर कोरलेला होता. आम्ही त्या नंबराने त्याला कधी हाक मारली नाही. डॉक्टर म्हणतात, "नानांचा द्या."

पहिलं ऑपरेशन अक्कांचं. कमरेखालचा भाग बधिर केलेला, त्यामुळे त्या जाग्या होत्या आणि पडद्याआडून माझ्याशी बोलत होत्या. ठोकळा मी डॉक्टरांच्या हातात दिला तेव्हा त्यांना खणखणीत आवाज आला असावा. "हाई मना भाऊनं बनाडेल शे का?" त्यांनी विचारलं.

"हो अक्का."

"मंग ठीक शे," त्या म्हणाल्या, आणि चक्क डोळे मिटून घेतले. ठोकळा हाडावर असा बसला की डॉक्टरांनी खिळे ठोकण्याआधी क्षणभर हात काढून घेतला, तरी तो तिथेच. माझ्या मास्कच्या आत पाणी गळत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

बाहेर नाना भिंतीकडे तोंड करून उभे होते. अक्का कशा आहेत, हे त्यांनी विचारलं नाही. "हालला का?" म्हणाले.

"नाही हालला."

त्यांनी खिशातून व्हर्नियर काढला, इकडेतिकडे पाहिलं, आणि काय मोजावं हे न सुचून परत ठेवला.

पुढच्या श्रावणात त्यांचा फोन आला. "सिस्टरबाई, कानबाईले या." मी सोमवारी सकाळच्या गाडीने दोंडाईच्याला उतरले आणि रिक्षाने त्यांच्या गावी गेले. मिरवणूक निघालीच होती. पुढे वाजंत्री, मग डोक्यावर कानबाई घेतलेल्या बायका, गुलाल, फुगड्या, आणि त्यांच्या मागोमाग हातात काठी घेतलेल्या अक्का. हळू चालत होत्या, पण पाय सरळ पडत होता. नाना आणि मी त्यांच्या दहा पावलं मागे.

तिथे मी सांगून टाकलं. वाजंत्रीच्या आवाजात मला जवळजवळ ओरडावं लागलं. धुळ्याचं, फोनचं, एक सूत मीच म्हटलं होतं ते, आणि गप्प राहिले ते.

"मालूम शे," नाना म्हणाले.

"कधीपासून?"

"तठेच. डॉक्टर सूतभर म्हटले ना, तवाच."

"मग बोलला का नाहीत? सगळ्यांसमोर तुमचं नाव गेलं, नाना."

ते थोडा वेळ अक्कांच्या पावलांकडे बघत चालले. मग म्हणाले, "अक्काचं ऑपरेशन बाकी होतं. तुमचं नाव घेतलं असतं तर डॉक्टरांनी ट्रे दुसरीच्या हातात दिला असता. तुमच्या दवाखान्यात सगळ्यासना हात मी पाहेल शेत. माले ते ऑपरेशन तुमच्या हातानं पाहिजे होतं." आणि पुढे म्हणाले, "मना नावानं काय, मी दुसरा ठोकळा करी लिधा असता."

ते 'मालूम शे' म्हणाले तेव्हा मला वाटलं होतं, या माणसाने माझी चूक पोटात घातली, मला माफ केलं. त्यांनी तसलं काही केलं नव्हतं. त्यांनी मला पारखून अक्कांसाठी राखून ठेवलं होतं. माझ्या नोकरीत मला दोनदा सत्काराची शाल मिळाली आहे, पण माझ्याबद्दल इतकं मोठं कुणी कधी बोललं नाही. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

नदी आली. काठापासून पाण्यापर्यंत उतार होता, पावसाने निसरडा झालेला. बायका भराभर उतरल्या. अक्का वरच थांबल्या आणि मागे वळून भावाला शोधू लागल्या. नाना पुढे झाले नाहीत. "तुम्ही धरा," मला म्हणाले.

मी अक्कांचा हात धरला. एकेक पाऊल टाकत आम्ही उतरलो, पाणी त्यांच्या घोट्यांना लागलं, आणि त्या काठी माझ्याकडे देऊन कानबाईला हात लावायला वाकल्या. मी वर पाहिलं. नाना काठावर टोपी हातात घेऊन उभे होते. त्यानंतर दिवाळीच्या आधीच ते गेले, म्हणून तेवढंच माझ्याजवळ राहिलं आहे. सगळा गाव कानबाईकडे बघत होता. नाना अक्कांच्या पाठीला टेकवलेल्या माझ्या हाताकडे बघत होते.